‘बघतो’ म्हणजे ‘न्हाय’ नव्हे

बसवराज,

काल तुझी शोकसभा झाली. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेने हॉल घेतला होता. तुझा फोटो मोठा करून लावला होता आणि त्या फोटोत तुला कुणीतरी टाय घातला होता. म्हणजे कॉम्प्युटरवर घातला होता. खरा टाय घातलेला मी तुला तुझ्या लग्नातही पाहिला नाही. निळा होता. तो कॉलरच्या आत नीट गेला नव्हता, एका बाजूने तरंगत होता. चार-पाच जण बोलले. पहिल्याने तुला शिल्पकार केलं, दुसऱ्याने महर्षी केलं. तिसऱ्याला पदव्या उरल्या नव्हत्या, म्हणून तो ‘सतत नव्याचा ध्यास घेतलेला माणूस’ असं म्हणाला. तेव्हा मला हसू आलं आणि ते खोकल्यात घालवावं लागलं. शेजारी महादेवी वहिनी होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडताहेत.

नव्याचा ध्यास म्हणे. आपण दोघांनी केलेल्या प्रोग्रामांच्या पेटीतली एक जुनी गोष्ट तू मला कधी काढू दिली नाहीस.

सभा संपल्यावर जिन्यात सुनंदाताईंनी गाठलं. गगनबावड्याहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. त्यांच्या तालुक्यातल्या दूध संस्थांचे प्रोग्राम त्या एकट्या लिहितात, एकट्याच सांभाळतात, आणि ते सगळे तुझ्या-माझ्या पेटीवर उभे आहेत हे तुला मी सांगायला नको.

‘‘वाईट झालं,’’ म्हणाल्या. मग, ‘‘नवी पेटी येनार हाय म्हनं?’’

‘‘हो.’’

‘‘जुनं चालंल नव्हं तिच्यात?’’

मी म्हटलं, कळवतो.

‘‘बसवराजअण्णा असतं तर म्या इचारलंबी नसतं,’’ असं म्हणून त्या ओली छत्री झटकत निघून गेल्या.

मी सभेत बोललो नाही. मला जे बोलायचं आहे ते तुझ्याशीच आहे, आणि ते एवढंच आहे की या बाईंना काय उत्तर द्यायचं. बाकी सगळं त्या उत्तराच्या आजूबाजूचं.

तुझी माती गडहिंग्लजला तुमच्या शेताच्या कडेला झाली. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला बसवूनच ठेवलं. मला ते योग्य वाटलं. जन्मभर तू खुर्चीतच होतास. आडवा झालेला मी तुला शेवटच्या आजारपणातच पाहिला. परत येताना गाडीत वहिनींच्या भावाने विचारलं, ‘‘दाजींची ती पेटी म्हणजे नेमकं काय हो?’’ मी म्हटलं, सुतार घरोघरी दारं-खिडक्या करतो, पण करवत आणि रंधा स्वतः घडवत नाही. आपल्या भागात जे लोक कारखान्यांचे, दूध संस्थांचे, दुकानांचे प्रोग्राम लिहितात, त्यांच्यासाठी आम्ही करवती आणि रंधे करायचो. तारीख मांडणारा एक तुकडा, वजन छापणारा एक, यादीत नाव शोधणारा एक. असे पुष्कळ तुकडे एकत्र केले की पेटी. ज्याला जो लागेल तो त्याने आपल्या प्रोग्रामात नुसता नावाने बोलवायचा.

‘‘मग सारखी नवी कशाला काढता?’’

‘‘धार लावून देतो.’’

‘‘आणि धार लावताना मूठ बदलली तर?’’

तुझा मेव्हणा आडतीचा व्यापार करतो, पण आपण वर्षानुवर्षं कशावरून भांडलो ते त्याने कागल यायच्या आत ओळखलं. अर्थात त्याला ते फुकट ओळखता आलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतली आपली पहिली खोली पिठाच्या गिरणीवर होती. गिरणी सुरू झाली की पडद्यावरची अक्षरं थरथरायची आणि कीबोर्ड उलटा करून आपटला की भाकरीपुरतं पीठ निघायचं. आपण दोघं एकाच कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलो होतो, दोघांनाही पुण्याला जायचं नव्हतं. मला आळसामुळे, तुला पुण्यातल्या लोकांच्या बोलण्यामुळे. तिथे बसून आपण पेटी सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात नावांवरून भांडलो.

यादीत एखादी नोंद आहे की नाही हे सांगणारा तुकडा तू लिहिला होतास. मी त्याला सरळ इंग्रजी नाव सुचवलं. तू ते खोडलंस आणि इंग्रजी अक्षरांत ‘हायका’ असं टाइप केलंस.

‘‘हे काय?’’

‘‘मानूस दुकानात जाऊन काय इचारतोय? साबन हाय का? मग कंप्युटरलाबी तेच इचारू दे की.’’

‘‘उद्या बाहेरचा कुणी बघेल.’’

‘‘बघू दे. हसला तर हसू दे. त्यो हसला म्हनून आत काय बिघडतंय?’’

उत्तरंही तूच ठरवलीस. नोंद असली तर ‘हाय’. नसली तर ‘न्हाय’. इथपर्यंत माझी हरकत फक्त सौंदर्याची होती. खरी अडचण तिसऱ्या उत्तराची. दोन कॉम्प्युटर वायरने जोडलेले असले आणि एकाने नोंद उघडून धरली असली, तर दुसऱ्याला ती दिसत नाही. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मी म्हटलं, ‘‘एरर दे.’’ तू म्हणालास, एरर म्हटलं की आपल्याकडचा माणूस बटण बंद करतो आणि घरी जातो. आणि तू तिसरं उत्तर लिहिलंस: ‘बघतो’.

म्हणजे काय, तर जरा थांब, ती वस्तू दुसऱ्याच्या हातात आहे, बघून सांगतो.

मलाही तेव्हा ते गोड वाटलं. आपण दोघांनीही लक्षात घेतलं नाही ते हे, की तू घरी कन्नड बोलणारा माणूस होतास. तुमच्याकडे कुणी ‘नोडतेनि’ म्हणाला की तो उठतो, आत जातो आणि खरोखर बघून येतो. निदान तुझे वडील तरी जायचे, मी पाहिलं आहे. तू डोक्यात ‘नोडतेनि’ धरून मराठीत ‘बघतो’ लिहिलंस. आणि कोल्हापुरात ‘बघतो’ म्हणजे काय ते कोल्हापूरच्या पोरालाही कळतं. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की माणूस ‘बघतो’ म्हणतो.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत ते उघड झालं. तिथला प्रोग्राम दिलीप सांभाळायचा. स्वभावाने सरळ, कामाला चोख. पॅटर्नच्या, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचे साचे करतात त्या नमुन्यांच्या, नोंदी दोन टेबलांवरून व्हायच्या. एका टेबलाने एका पॅटर्नची नोंद उघडली असताना दुसऱ्याने विचारलं, हायका? उत्तर आलं, बघतो. दिलीपने प्रोग्रामात लिहून ठेवलं होतं की ‘बघतो’ आलं तर ‘न्हाय’ धरायचं, आणि न्हाय म्हटल्यावर प्रोग्रामने त्याच पॅटर्नला नवा नंबर देऊन टाकला. पुढे पॅटर्नच्या मापात दुरुस्ती झाली, ती एका नंबरावर चढली, आणि ओतकाम दुसऱ्या नंबरावरून झालं. जुन्या मापाची एक अख्खी भट्टी भंगारात.

आपण दोघं तिथे उभे होतो. मालकांनी आपल्याला रॅकपाशी नेलं.

‘‘पावणं, हा पॅटर्न. हात लावून बघा. हाय का न्हाय?’’

‘‘हाय,’’ तू म्हणालास.

‘‘तुमचा कंप्युटर न्हाय म्हणालाय.’’

‘‘न्हाय म्हनाला न्हाय. बघतो म्हनालाय,’’ तू म्हणालास.

तेव्हा दिलीप मागून बोलला, अगदी समजावण्याच्या सुरात. ‘‘बघतो म्हंजे न्हायच की, साहेब. दिवाळीला चार दिस जादा सुट्टी मागिटली तवा मालकबी बघतोच म्हणलं हुतं.’’

मालक हसले नाहीत. तूही नाही. मी त्या वेळी भट्टीकडे बघत राहिलो.

परत येताना स्कूटर तू चालवत होतास आणि मी मागून बोलत होतो. मी म्हटलं, एका शब्दापायी भट्टी गेली; आता ‘हायका’मधेच दुरुस्ती कर; नोंद कुणाच्या हातात असेल तर त्यानेच थांबावं, सुटली की बघावं आणि मग एकच काय ते उत्तर द्यावं, हाय किंवा न्हाय. तिसरं उत्तरच नको. हे मी वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा म्हटलं, त्यांतले काही शब्द बरे नव्हते. मुद्दा मात्र मी अजूनही बरोबर मानतो. पंचगंगेच्या पुलापर्यंत तू गप्प होतास. पुलावर एवढंच म्हणालास, ‘‘आन् सुनंदाक्काचं काय?’’

सुनंदाताईंचं काय ते आपण दोघांनी आधी एकदा जाऊन पाहिलं होतं. आपण पाठवलेल्या फ्लॉपीला बुरशी आली म्हणून त्यांनी बोलावलं होतं. मला ती थाप वाटली. गगनबावड्यात पोचल्यावर कळलं की त्या पावसात फ्लॉपीलाच काय, कॉम्प्युटरच्या पुस्तकालाही मिशा फुटतात. सकाळी त्या आपल्याला एका दूध संस्थेत घेऊन गेल्या. किटल्या घेऊन रांग लागलेली. एका कॉम्प्युटरवर दुधाचं वजन, दुसऱ्यावर फॅट. वजनाच्या टेबलावर एखाद्या सभासदाची नोंद उघडी असली की फॅटच्या टेबलाला ‘बघतो’ उत्तर यायचं. सुनंदाताईंनी त्या उत्तराचा पुरेपूर उपयोग केला होता: बघतो आलं की तो सभासद बाजूला ठेवायचा, पुढच्याची किटली घ्यायची, आणि मग मागच्याकडे परत यायचं. रांग एकदाही अडली नाही. सगळ्या भागात ‘बघतो’चा अर्थ तुझ्या मनात होता तसा लावणाऱ्या त्या एकट्या भेटल्या. तू तिथे उभा राहून ती रांग पाहत होतास आणि हळूच आकडे म्हणत होतास, ओंदु, एरडु, मूरु. एवढा खूश तुला मी तुझ्या मुलीच्या बारशातच पाहिला असेन.

म्हणजे हिशोब असा होता. ‘हायका’ने स्वतः थांबायला सुरुवात केली की दिलीप वाचणार आणि सुनंदाताईंची रांग तुंबणार. आणि ती सोडवायला त्यांना प्रत्येक गावात एसटीने जाऊन प्रोग्राम बदलावा लागणार, त्या पावसात, कुठे वीज आहे कुठे नाही.

तू नेहमीप्रमाणे तिसराच रस्ता काढलास, जो मला नेहमीप्रमाणे रस्ता वाटला नाही. ‘हायका’ला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी नवा तुकडा ठेवायचा, ‘पक्काहायका’ नावाचा. तो थांबतो आणि पक्कं सांगतो. ज्याला पाहिजे त्याने तो वापरावा. तू सगळ्यांना फोन करून तसं सांगितलंस. सगळे ‘करतो’ म्हणाले. फोनवर ‘करतो’ म्हणणाऱ्याने किती केलं ते तुलाही माहीत होतं.

‘‘जुनं जिवंत आहे तोवर लोक त्यातच पडणार,’’ मी म्हटलं.

‘‘चूक आपली हुती,’’ तू म्हणालास. ‘‘पन आता ती त्यांच्या घरात नांदतीया. घरात शिरून आपन कशी काढनार?’’

दोन हजार साल जवळ आलं तेव्हा मला संधी दिसली. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असायचे, आणि शतक बदललं की कॉम्प्युटरला एकोणीसशे की दोन हजार ते कळणार नव्हतं. तारखांचे तुकडे दुरुस्त करून आपल्याला सगळ्यांना नवी पेटी द्यायची होती आणि प्रत्येकाला ती घेणं भाग होतं. कोल्हापुरात त्या काळात या विषयावर जेवढी भाषणं झाली तेवढ्यात अर्धा जिल्हा दुरुस्त झाला असता. मी म्हटलं, सगळे येणारच आहेत तर एकदाच सगळं साफ करू. हायका नीट करू, चुकीची नावं बदलू, दोनदा लिहिलेलं एकदाच ठेवू.

आपण मिसळ खात होतो. तू पाव मोडता मोडता थांबलास.

‘‘डॉक्टरकडं दात काढायला गेलेल्या मानसाचं डॉक्टरनं अपेंडिक्सबी काढलं तर?’’

‘‘खराब असेल तर बरंच.’’

‘‘त्येनं इचारलं नव्हतं की.’’

‘‘तू कधी काही काढणार आहेस का?’’

‘‘तारखा काढतोय नव्हं? रस्सा घे अजून, गार होतोय.’’

तारखांपुरती पेटी गेली. लोकांनी ती जोडली आणि जानेवारीत सगळ्यांचं चालू राहिलं. त्याबद्दल कुणी हार घातला नाही, भाषण केलं नाही, आणि काल फोटोखाली जी तुझ्या कामांची यादी वाचली तिच्यातही ते नव्हतं. न बिघडलेल्या गोष्टीची नोंद कशी करणार.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. अगदी पहिल्या वर्षी मी माझ्या थोरल्या भावाच्या दुकानासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. वाईट लिहिला होता. त्या जानेवारीआधी मी तो गुपचूप नव्या पेटीशी जोडून पाहिला. एक अक्षर न बदलता चालला. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला फार बरं वाटलं, आपण एकदा केलेलं कुणीतरी न मोडता पुढे आणलं म्हणून. हे तुला सांगितलं असतं तर तू पुढची दोन वर्षं मला जगू दिलं नसतंस, म्हणून सांगितलं नाही. आता सांगायला धोका उरला नाही.

नंतर विंडोज आलं, आपण गिरणीवरून खाली आलो, पेटी सीडीवर गेली. बाहेरगावचे सल्लागार यायला लागले. त्यांतल्या एकाने ‘हायका’ पाहून मान हलवली आणि याला लेगसी म्हणतात असं सांगितलं. तू मला नंतर विचारलंस की लेगसी म्हणजे वारसा ना? मी म्हटलं, पुस्तकात वारसा, त्यांच्या तोंडी अडगळ. ‘‘मंग चाललंय की,’’ म्हणालास, ‘‘आमच्या घरातबी दोन्ही एकाच माळ्यावर हाय.’’ भांडण चालूच राहिलं, पण त्यातला जोर गेला होता. मी ‘काढू या’ म्हणायचो, तू ‘सुनंदाक्का’ म्हणायचास, आणि आपण कामाला लागायचो. काही लोक सकाळी रामराम करतात, तसं.

म्हणून तुझ्या शेवटच्या आजारपणात, तुझ्या घरी एका दुपारी जे झालं त्याने मी अजून गोंधळलेला आहे. वहिनींनी ताक आणलं, मला दिलं. ‘‘ह्येंला मीठ बंद केलंय डॉक्टरनी. तुम्ही घ्या.’’ तू खाटेवरून माझ्या पेल्याकडे बघत होतास. मग म्हणालास, ‘‘नव्या पेटीतनं हायका काढून टाक.’’

मला वाटलं, औषधांमुळे बोलतोस.

‘‘पक्का तेवढं ठेव. जुनं काढ.’’

‘‘आज एकदम?’’

‘‘एकदम न्हाय. शिरोलीच्या भट्टीपासनं डोक्यात हाय.’’

पुलापर्यंत तू गप्प होतास तेव्हा तुझ्या डोक्यात फक्त सुनंदाताई होत्या असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

‘‘मग तेव्हा का नाही काढलंस?’’

‘‘तवा मी हुतो. कुनी इचारलं तर सांगत हुतो, बाबा, बघतो म्हंजे थांब. मी गेल्यावर कोन सांगनार? हितं लोक त्येचा अर्थ न्हायच लावनार. लावू देत, त्यांची भाषा हाय.’’

‘‘मी सांगेन की.’’

‘‘तुला तर पहिल्यापासनं पटलं न्हाय ते.’’

‘‘नाही पटलं. पण काढलंस तर सुनंदाताईंची रांग थांबेल.’’

‘‘हे माझं वाक्य हाय.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग तू हिकडं कशाला आलास? ह्या बाजूला एकालाच जागा हाय.’’

आणि तू हसलास, आणि हसण्याचा खोकला झाला. वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘ह्येंला हसवू नका हो.’’ पुढच्या वेळी बोलू असं म्हणून मी उठलो. पुढच्या वेळी आलो तेव्हा तू झोपला होतास. त्याच्या पुढच्या वेळी आपल्यात बोलणं होणार नव्हतं.

आपण जागा बदलून भांडलो आणि ते भांडण तसंच राहिलं. त्यामुळे आता मला तुझी आज्ञा पाळायची तर तुझ्याविरुद्ध जावं लागतं, आणि तुझ्या बाजूने राहायचं तर तुझी शेवटची गोष्ट मोडावी लागते. लोक गेलेल्या माणसाच्या इच्छेबद्दल फार खात्रीने बोलतात. कालही बोलले. मला वाटतं त्यांची गेलेली माणसं जास्त सरळ असावीत.

आज सकाळी तुझ्या खुर्चीवर बसून ‘हायका’ उघडला. तू त्यावर काही टिपण ठेवलं असेल म्हणून बघितलं. नव्हतं. टिपणं लिहायची तुला सवयच नव्हती. विचारलं की सांगायचास. थोडक्याच ओळी आहेत. त्यांत चूक काही नाही. जे लिहिलं आहे ते बरोबर चालतं. अर्थ सांगणारा माणूस तेवढा त्यात नाही.

तिथे बसून असं वाटलं की इतकी वर्षं आपण दोघंही पेटीकडे तोंड करून भांडलो. ठेवायचं की काढायचं. ज्यांच्या घरात ती चूक नांदत होती त्यांच्याकडे आपण फोन लावला, फार तर नवी सीडी पाठवली. घरात शिरून कशी काढणार, असं तू म्हणायचास. अरे, दार वाजवून. दिलीपसारखे किती असतील? असतील थोडे. त्यांच्याकडे जायचं, चहा घ्यायचा, शेजारी बसून त्यांच्या प्रोग्रामातला ‘हायका’ बदलून ‘पक्काहायका’ करून द्यायचा. सुनंदाताईंचा आहे तसा ठेवायचा, कारण त्यांनी तो बरोबर वापरला आहे. काढायचंच झालं तर आधी लोकांच्या प्रोग्रामांतून काढायचं आणि सगळ्यात शेवटी पेटीतून. तोवर नव्या पेटीत ‘हायका’ राहील, आणि ‘बघतो’ म्हणत राहील.

यात तू जिंकलास की मी ते मला ठरवता आलं नाही. तुला लगेच आलं असतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर गगनबावड्याला जाऊन आलो.

सुनंदाताईंनी सकाळीच संस्थेत बोलावलं होतं. बाहेर रांग होती. त्यांनी सीडी घातली, प्रोग्राम नव्या पेटीशी जोडला, दोन्ही कॉम्प्युटर सुरू केले आणि मला बाजूच्या बाकावर बसवलं. वजन सुरू झालं, फॅट सुरू झालं. एकदा मधेच फॅटच्या टेबलावरच्या मुलीने एक किटली बाजूला सरकवली, पुढची घेतली, आणि मग सरकवलेली परत ओढली. तिने वर बघितलंही नाही. रांग पुढे सरकत राहिली. मी मात्र ते बघायलाच तेवढा प्रवास करून आलो होतो.

रांग संपल्यावर सुनंदाताई पडद्यासमोर बसल्या आणि एकेक करून सगळं उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘‘ह्यात तर काय बदललंच न्हाय की.’’

‘‘नाही.’’

‘‘मग नवीन काय हाय?’’

मी छपाईचं आणि नव्या विंडोजचं सांगणार होतो. त्याऐवजी म्हटलं, ‘‘नवीन एवढंच, की काही अडलं तर आता फोन मला करायचा. का, कसं, कशासाठी, सगळं मी सांगेन.’’

‘‘तुमी?’’

‘‘हो.’’

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग जुन्या पेटीची सीडी, जी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, ती रुमालाने पुसली आणि ड्रॉवरमधे ठेवून दिली.

‘‘बरं,’’ म्हणाल्या. ‘‘तरी हीबी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.’’